राग ओडेनच्या निवडीचा नको, रॉयच्या घाईचा धरा

प्रश्न थोडक्यात असा: विचारणारे पोर्टलंडजवळच्या हिल्सबरोला राहतात आणि 2006 पासून एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधल्या पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्सचे सामने नेमाने बघतात. ते म्हणतात, "ड्युरांट समोर असताना आम्ही ओडेन घेतला. रॉय पाच मोसमांत संपला. आता स्कूट हेंडरसन जखमी, लिलार्ड जखमी, आणि 2025 च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) खाली सरकून यांग हानसेन घेतला. हा संघ इतका दुखापतग्रस्त का? डॉक्टरांना निवडीच्या वेळी गुडघे दिसत नाहीत का? चूक निवडणाऱ्यांची की वैद्यकीय पथकाची?"

मी क्रीडा-फिजिओथेरपिस्ट आहे. पुण्यात बरीच वर्षं बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलामुलींचे गुडघे, घोटे आणि पाठी हाताळतोय. पोर्टलंडच्या खेळाडूंना तपासण्याचा प्रश्नच नाही. त्यांच्याबद्दल जे लिहितो ते जाहीर माहितीवरून आणि गुडघा कसा चालतो, कसा बिघडतो या रोजच्या अनुभवावरून. तुमचा राग खरा आहे, पण त्याचा मोठा भाग चुकीच्या रात्रीवर खर्च होतोय असं मला वाटतं. ड्राफ्टच्या रात्री संघाच्या हातात फार थोडं असतं. खेळाडू जखमी झाल्यावर त्याला कधी उतरवायचं, किती मिनिटं खेळवायचं, कुणाच्या दबावाखाली उतरवायचं, हे मात्र बरंचसं संघाच्या हातात असतं. पोर्टलंडचा हिशेब मागायचा तर तो तिथे मागावा.

आधी ओडेन, कारण तुमचा सगळा राग तिथून सुरू होतो.

2007 च्या लॉटरीत, म्हणजे मागे पडलेल्या संघांचे निवडीचे क्रमांक ठरवणाऱ्या सोडतीत, पोर्टलंडला पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता 5.3 टक्के होती, आणि तो मिळाला. समोर दोन नावं होती: ओहायो स्टेटचा सात फुटी सेंटर ग्रेग ओडेन आणि टेक्सासचा केविन ड्युरांट. त्या वसंतातली चर्चा आज आठवा. ड्युरांट बारीक होता, चाचणी शिबिरात 185 पौंडांचा बार त्याला एकदाही उचलता आला नव्हता. ओडेनने मनगटावर शस्त्रक्रिया झालेली असताना मोसमाचा काही काळ डाव्या हाताने फ्री थ्रो मारले होते, आणि अंतिम सामन्यात फ्लोरिडाविरुद्ध 25 गुण आणि 12 रिबाउंड्स काढले होते. पोर्टलंडकडे ब्रँडन रॉय आणि लामार्कस ऑल्ड्रिज आधीच होते. बास्केटखाली भिंत उभी करणारा एक माणूस तेवढा कमी होता. पहिला क्रमांक हातात असता तर बहुतेक संघांनी ओडेनच घेतला असता. आज हे मान्य करायला जड जातं, पण त्या रात्रीची माहिती हाताशी धरून बघितलं तर ती निवड समंजस होती.

पुढे काय झालं ते तुम्हाला पाठ असेल. सप्टेंबर 2007 मध्ये उजव्या गुडघ्यावर मायक्रोफ्रॅक्चर शस्त्रक्रिया (ती काय असते ते पुढे सांगतो), पहिला मोसम पूर्ण बाहेर. ऑक्टोबर 2008 मध्ये लेकर्सविरुद्ध पहिला सामना, त्यातच पावलाला दुखापत. त्या मोसमात 61 सामने. पुढच्या मोसमात 21 सामने, आणि 5 डिसेंबर 2009 रोजी ह्यूस्टनविरुद्ध शॉट अडवायला उडी घेताना डाव्या गुडघ्याची वाटी फुटली. त्यानंतर त्या गुडघ्यावर दोनदा मायक्रोफ्रॅक्चर. पोर्टलंडसाठी एकूण 82 सामने, म्हणजे एका पूर्ण मोसमाइतके. तो कधी चांगला नव्हताच असं जे म्हणतात त्यांना मी त्या 21 सामन्यांचे आकडे दाखवतो: सामन्याला साधारण 24 मिनिटांत 11 गुण, साडेआठ रिबाउंड्स, दोनहून अधिक ब्लॉक, आणि फेकलेल्या शंभर चेंडूंपैकी साठ बास्केटमध्ये. वाटी फुटली तेव्हा तो नुकताच उमलत होता.

आता तुमचा थेट प्रश्न: डॉक्टरांना दिसलं नाही का?

गुडघ्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. या कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नाही. त्यामुळे ती झिजली किंवा तिचा तुकडा निघाला तर त्वचेसारखी किंवा हाडासारखी भरून येत नाही. शिवाय तिच्यात वेदनेचे मज्जातंतूही नाहीत; बरंच नुकसान होईपर्यंत खेळाडूला काही जाणवत नाही. एमआरआयवर कूर्चा दिसते, पण नुकसान किती खोल आणि किती पसरलंय हे अनेकदा दुर्बीण आत घातल्यावरच कळतं, आणि बहुतेक वेळा ते एमआरआयपेक्षा जास्त निघतं. त्यात उंच, वजनदार, लहानपणापासून उड्या मारणाऱ्या विशीतल्या मुलाचा गुडघा घ्या. ज्यांना काहीही त्रास नाही अशा बास्केटबॉल खेळाडूंच्या एमआरआयमध्येही कूर्चेवर डाग, हाडाला सूज, स्नायुबंधाला जाडपणा असं काही ना काही सापडतंच. त्यातलं कोणतं दहा वर्षं गप्प बसेल आणि कोणतं सहा महिन्यांत फुटेल, हे सांगणारं यंत्र अजून निघालेलं नाही. डॉक्टर फार तर म्हणू शकतात की या खेळाडूचा धोका सरासरीपेक्षा जास्त आहे. पुढचा निर्णय व्यवस्थापनाचा.

मायक्रोफ्रॅक्चरबद्दलही दोन शब्द, कारण त्या काळात प्रत्येक चाहत्याच्या तोंडी हा शब्द होता आणि ते नेमकं काय असतं हे फार कमी जणांना ठाऊक होतं. कूर्चा गेलेल्या जागी हाडाला बारीक छिद्रं पाडतात. हाडातल्या मज्जेतून रक्त आणि पेशी वर येतात, त्यांची गुठळी होते, आणि काही महिन्यांत तिथे नवा थर तयार होतो. तो थर मूळ कूर्चेइतका दमदार नसतो. जास्त तंतुमय असतो आणि उड्यांचा मारा झाल्यावर लवकर झिजतो. शस्त्रक्रियेनंतर सहा ते आठ आठवडे त्या पायावर वजन टाकू देत नाहीत, आणि पूर्ण खेळात परतायला वर्षभर लागतं. अमारे स्टुडमायर 2005 मध्ये हीच शस्त्रक्रिया करून पुन्हा वरच्या पातळीवर खेळला. ख्रिस वेबर आणि ट्रेसी मॅकग्रेडी पूर्वीसारखे राहिले नाहीत. म्हणजे ओडेनची पहिली शस्त्रक्रिया झाली तेव्हा उमेद बाळगायला कारण होतं आणि धास्तीलाही होतं.

इथे 1984 चा सॅम बोवी आणल्याशिवाय पोर्टलंडबद्दल बोलताच येत नाही. नाणेफेकीत पहिला क्रमांक ह्यूस्टनकडे गेला, त्यांनी ओलाजुवान घेतला. दुसऱ्यावर पोर्टलंडने बोवी घेतला, तिसऱ्यावर शिकागोने मायकेल जॉर्डन. पोर्टलंडकडे त्याच जागेवर क्लाइड ड्रेक्सलर होता, आदल्या वर्षीच घेतलेला, त्यामुळे सेंटरची गरज समजण्यासारखी होती. पण बोवीची गोष्ट ओडेनपेक्षा वेगळी आहे, आणि हा फरक चाहते विसरतात. बोवी केंटकीमध्ये डाव्या नडगीच्या फ्रॅक्चरमुळे सलग दोन मोसम बाहेर होता. हा धोका लपलेला नव्हता, सगळ्यांना माहीत होता. पोर्टलंडने त्याची कित्येक तास तपासणी केली, आणि बोवीने पुष्कळ वर्षांनी एका माहितीपटात सांगितलं की तपासताना नडगीवर हातोडी मारली तेव्हा दुखत असूनही त्याने काही होत नाही असं सांगितलं होतं. मला यात बोवीचा राग येत नाही. तेवीस वर्षांचा मुलगा, सगळं भवितव्य त्या खोलीत, तो काय सांगणार? पण ज्या पायावर दोन मोसम गेले त्या पायाबद्दल खेळाडूच्याच उत्तरावर विसंबणं, हे माझ्या धंद्यातल्या माणसाला पटणारं नाही. नडगीचा ताणामुळे होणारा फ्रॅक्चर एकदा झाला की त्याच माणसाला पुन्हा होण्याची शक्यता वाढते; ज्या हाडांनी आणि ज्या चालीने तो झाला तीच हाडं, तीच चाल पुढेही असते. पोर्टलंडमध्ये त्याची उजवी नडगी दोनदा मोडली. पाच मोसमांत 139 सामने.

म्हणून बोवीच्या निवडीवर राग धरायला जागा आहे, ओडेनच्या निवडीवर फारशी नाही. दोन्ही गोष्टींचा शेवट सारखा दिसतो म्हणून आपण त्यांना एकाच माळेत ओवतो, आणि मग पुढच्या प्रत्येक उंच मुलाकडे शाप म्हणून बघायला लागतो.

याच्या उलट उदाहरण ब्रँडन रॉय. 2006 च्या ड्राफ्टमध्ये सहाव्या क्रमांकावर मिनेसोटाने घेतलेला रॉय पोर्टलंडने त्याच रात्री अदलाबदलीत मिळवला. त्याचे गुडघे कॉलेजपासून कुरकुरत होते, मेनिस्कसची, म्हणजे गुडघ्यातल्या गादीची, शस्त्रक्रिया आधीच झालेली होती. म्हणजे कागदावर धोका ओडेनपेक्षा रॉयचा जास्त. त्याने काय दिलं? पहिल्याच वर्षी सर्वोत्तम नवोदिताचा किताब, आणि 2008, 2009, 2010 असं सलग तीनदा ऑल-स्टार, म्हणजे लीगमधल्या निवडक तारकांत. त्याच रात्री ऑल्ड्रिजही शिकागोकडून आला. संघाच्या इतिहासातल्या सर्वात चांगल्या ड्राफ्ट रात्रींपैकी ती एक, आणि तिच्या केंद्रस्थानी दुखरा गुडघा होता. 2014 मध्ये फिलाडेल्फियाने पावलाचं हाड मोडलेला जोएल एम्बीड तिसऱ्या क्रमांकावर घेतला, दोन मोसम तो एकही सामना खेळला नाही, आणि 2023 मध्ये तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. 2018 मध्ये पाठीच्या शस्त्रक्रियेमुळे मायकेल पोर्टर ज्युनियर चौदाव्या क्रमांकापर्यंत घसरला. डेन्व्हरने त्याला घेतलं, पहिलं वर्ष पूर्ण बसवून ठेवलं, आणि 2023 च्या विजेत्या संघात तो सुरुवातीच्या पाचांत होता. दुखापतीचा इतिहास असलेला खेळाडू घेऊच नये, हा नियम केला तर ही सगळी माणसं हातची जातात.

डेन्व्हरने त्याला वर्षभर बसवलं, हे वाक्य लक्षात ठेवा. कारण आता मी पोर्टलंडच्या ज्या निर्णयावर माझा खरंच राग आहे त्याकडे येतोय.

2009-10 चा तो मोसम आठवतो का? ओडेनची वाटी फुटली. त्याच महिन्यात त्याचा बदली सेंटर जोएल प्रझिबिला डॅलसमध्ये पडला आणि त्याचा वाटीखालचा कंडर (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) तुटला. बटूमच्या खांद्यावर शस्त्रक्रिया, रुडी फर्नांडेझच्या पाठीवर शस्त्रक्रिया, ट्रॅव्हिस आउटलॉच्या पायाचं हाड मोडलेलं. सरावाला माणसं कमी पडली म्हणून प्रशिक्षक नेट मॅकमिलन स्वतः मैदानात उतरले आणि त्यांचीच टाचेमागची अकिलीसची शीर तुटली. तरीही त्या संघाने 50 सामने जिंकले. माझ्या मते या संघाची सर्वात अभिमानाची गोष्ट हीच, आणि तिच्याबद्दल पोर्टलंडकर फार कमी बोलतात.

एप्रिल 2010 मध्ये, प्लेऑफच्या (बाद फेरीच्या) तोंडावर, रॉयच्या उजव्या गुडघ्याचा मेनिस्कस फाटला. 16 एप्रिलला शस्त्रक्रिया झाली. 24 एप्रिलला, आठ दिवसांनी, तो फीनिक्सविरुद्धच्या चौथ्या सामन्यात कोर्टवर होता. प्रेक्षक उभे राहिले, संघ जिंकला, वर्तमानपत्रांनी धैर्याचं कौतुक केलं. संघ ती मालिका 4-2 हरला.

मेनिस्कस ही मांडीच्या आणि नडगीच्या हाडांमधली गादी. तिचा फाटलेला भाग काढून टाकला की वजन कमी जागेवर पडतं आणि कूर्चेवरचा दाब वाढतो. शस्त्रक्रियेनंतर गुडघ्यात पाणी असतं. ते असेपर्यंत मांडीचा पुढचा स्नायू मेंदूने हुकूम देऊनही पूर्ण ताकदीने आकसत नाही. हे मनोबलाने बदलत नाही, तो मज्जासंस्थेचा प्रतिसाद आहे. मग उडीवरून उतरताना जो धक्का स्नायूने पेलायचा तो थेट सांध्यावर जातो. आठ दिवसांत ही सूज ओसरून स्नायू परत जागा होतो असं मी कधी पाहिलेलं नाही. मेनिस्कसचा तुकडा काढलेल्या खेळाडूला स्पर्धेत उतरवायला मी चार ते सहा आठवडे मागतो, तेही रोज सकाळी सूज नाही आणि दोन्ही पायांच्या ताकदीत फारसा फरक नाही हे बघून. रॉयच्या गुडघ्यात आधीच गादी कमी उरली होती.

त्या आठ दिवसांनीच रॉय संपला असं कुणी म्हणू शकत नाही, कारण झीज वर्षानुवर्षांची होती. पण दार उघडं असताना संघाने त्याला आत जाऊ दिलं, हे खरं आहे. रॉयला खेळायचंच होतं. प्रत्येक चांगल्या खेळाडूला खेळायचंच असतं. नाही म्हणणारा माणूस खोलीत असावा यासाठीच तर वैद्यकीय पथक असतं. जानेवारी 2011 मध्ये दोन्ही गुडघ्यांवर एकाच वेळी दुर्बिणीची शस्त्रक्रिया, फेब्रुवारीत परत. 23 एप्रिल 2011 रोजी डॅलसविरुद्ध संघ 23 गुणांनी मागे पडला होता; त्याने शेवटच्या पर्वात (सामन्याच्या चौथ्या भागात) 18 गुण काढले आणि 84-82 असा सामना फिरवला. पोर्टलंडच्या रोझ गार्डन या घरच्या स्टेडियममध्ये तुम्ही असाल तर तो सामना तुम्ही आयुष्यभर सांगाल, आणि सांगावाच. त्याच डिसेंबरमध्ये रॉयने निवृत्ती जाहीर केली. वय 27. नंतर मिनेसोटात पाच सामने खेळला, तेवढेच.

आणि ही सवय नवी नाही. 1974 मध्ये पहिल्या क्रमांकावर घेतलेला बिल वॉल्टन 1977 मध्ये पोर्टलंडला त्यांचं आजवरचं एकमेव विजेतेपद देऊन गेला. पुढच्या मोसमात संघाचे 50 विजय आणि 10 पराभव झाले असताना त्याचं पाऊल दुखावलं. प्लेऑफमध्ये तो वेदनाशामक इंजेक्शन घेऊन खेळला आणि नंतर पावलातलं हाड मोडल्याचं निघालं. उपचारांच्या पद्धतीवरून नाराज होऊन तो पूर्ण मोसम बसून राहिला आणि 1979 मध्ये सॅन डिएगोला गेला. पोर्टलंडसाठी चार मोसमांत 209 सामने. बोवी आणि ओडेनच्या नावाने बोटं मोडताना वॉल्टनचं हे प्रकरण मागे पडतं, कारण त्याने विजेतेपद दिलं होतं. माझ्या दृष्टीने मात्र पोर्टलंडच्या इतिहासातला सर्वात मोठा धडा त्या इंजेक्शनचाच आहे. वेदना ही सांध्याने दिलेली सूचना. ती बधिर करून वजन टाकलं की हाड बिचारं एकटं पडतं.

हा दबाव फक्त तिथेच आहे असं नाही. नागपाड्यापासून नागपूरपर्यंत आपल्याकडे सिमेंटच्या कोर्टवर खेळणारी मुलं राज्य निवड चाचणी आली की सुजलेल्या गुडघ्यावर पट्टा बांधून उतरतात. त्यात क्रीडागुणांचे मार्क, नोकरीतली खेळाडूंची जागा, घरच्यांची आशा, सगळं असतं. एसीएलची (गुडघ्यातल्या मुख्य बंधाची) शस्त्रक्रिया झालेल्या मुलीचे पालक सहाव्या महिन्यात विचारतात, "आता उतरवू का?" किमान नऊ महिने, आणि त्यानंतरही चाचण्या पास झाल्यावरच, असं सांगितलं की चेहरा उतरतो. त्या घाईचं मूळ मला समजतं. पण तिथे कोट्यवधी डॉलर, पूर्णवेळ डॉक्टर आणि सगळी यंत्रसामग्री असताना तीच घाई होत असेल, तर तिचा जाब जास्त कडक मागायला हवा.

आता आजच्या संघाकडे वळतो.

2023-24 मध्ये 21 विजय, 2024-25 मध्ये 36. दुसऱ्या मोसमाच्या उत्तरार्धात संघ जिंकायला लागला तेव्हा अनेक पोर्टलंडकर वैतागले की आता त्या ड्राफ्टमधला सर्वात गाजलेला कूपर फ्लॅग मिळण्याची संधी गेली. मुद्दाम हरणं हा मार्ग मला खेळाडूंच्या शरीराच्या बाजूनेही पटत नाही, पण आकड्यांच्या बाजूने बघा. 2019 पासून तळाच्या तीन संघांना पहिल्या क्रमांकाची प्रत्येकी 14 टक्केच संधी असते. 2025 मध्ये ती लॉटरी डॅलसने 1.8 टक्के शक्यतेवर जिंकली. डॅलस उसळून वर गेल्यामुळे पोर्टलंड दहाव्यावरून अकराव्यावर सरकला. आणखी दहा सामने हरून फार काही पदरात पडलं असतं, याची खात्री कुणीही देऊ शकत नाही. आणि तरुण खेळाडूंना हरण्याची सवय लावण्याची किंमत कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

अकराव्या क्रमांकावर असताना पोर्टलंडने मेम्फिसशी सौदा केला. मेम्फिसने अकराव्यावर सेड्रिक कॉवर्ड घेतला. पोर्टलंडला सोळावा क्रमांक, ऑर्लँडोची 2028 ची पहिल्या फेरीची निवड आणि दुसऱ्या फेरीच्या दोन निवडी मिळाल्या. सोळाव्यावर चीनचा सात फूट एक इंच उंचीचा यांग हानसेन. आदल्या वर्षी सातव्यावर घेतलेला डोनोव्हन क्लिंगन हाही सेंटरच. बहुतेक अंदाजांमध्ये यांग दुसऱ्या फेरीत होता, त्यामुळे तुम्ही चक्रावलात हे स्वाभाविक आहे. माझं मत: खेळाडू म्हणून यांग तिथे घ्यायला लवकर झाला, पण त्या रात्री संघाने भविष्यातली एक पहिल्या फेरीची निवड कमावली, हे विसरून चालणार नाही. ज्या संघाचं अर्धं नशीब दुखापतींनी ठरतं, त्याने जास्त निवडी गोळा करणं शहाणपणाचं आहे. एका माणसाच्या दोन गुडघ्यांवर सगळं लावण्यापेक्षा ते बरं. सात फुटी मुलाच्या निवडीचा निकाल तीन मोसमांआधी लावू नका. इतक्या उंच शरीराला नव्या लीगचा वेग, 82 सामने आणि प्रवास पचवायला वेळ लागतो. त्या वेळात त्याला कमी मिनिटं मिळाली तर ती निवड फसली असा अर्थ लगेच काढू नका.

हेंडरसनची गोष्ट वेगळी. 2023 मध्ये तिसऱ्या क्रमांकावर आलेला हा मुलगा वेगावर आणि झटक्यावर जगतो. सप्टेंबर 2025 मध्ये, मोसम सुरू होण्याआधीच, त्याचा डाव्या पायाचा हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, फाटला. हॅमस्ट्रिंगची अडचण ही की चालताना, साधं धावताना तो पूर्ण बरा वाटतो, आणि पूर्ण वेगात धावताना, पाय पुढे टाकून ब्रेक मारताना पुन्हा फाटतो. हॅमस्ट्रिंगच्या दुखापतीत पुनरावृत्तीचं प्रमाण मोठं आहे, आणि ती बहुतेकदा परतल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच होते. त्यामुळे त्याला परत आणायला ठरल्यापेक्षा जास्त वेळ लागला तर ओरडू नका. ती चांगली खूण आहे.

लिलार्डबद्दल तुम्ही सर्वात जास्त हळवे असाल. एप्रिल 2025 मध्ये मिलवॉकीकडून खेळताना त्याची अकिलीस तुटली, आणि जुलैत तो पोर्टलंडला परतला. पस्तिशीतल्या गार्डला अकिलीसनंतर वर्षभर बाहेर ठेवायचं हे संघाने सुरुवातीलाच ठरवलं. हा निर्णय मला फार आवडला. रॉयच्या काळात हाच संघ आठ दिवसांचा विचार करत होता. अकिलीस शिवल्यावर पोटरीची ताकद परत यायला महिनेच्या महिने जातात. एका पायावर टाच उचलण्याची उंची दोन्ही बाजूंनी सारखी होत नाही तोवर झेप परत येत नाही, आणि ती उंची कितीतरी खेळाडूंची कधीच पूर्ण सारखी होत नाही. लिलार्ड पूर्वीसारखा दिसेलच असं नाही. पण त्याला वेळ मिळालाय.

लिलार्ड पोर्टलंडला मिळाला कसा, हेही सांगतो, कारण तुमच्या रागावर याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. 15 मार्च 2012. त्या एका दिवसात पोर्टलंडने ओडेनला सोडून दिलं, मॅकमिलनना प्रशिक्षकपदावरून काढलं, आणि गेराल्ड वॉलेसला न्यू जर्सीकडे पाठवून एक निवड मिळवली. त्या संध्याकाळी सगळं शहर कडवटलेलं होतं. ती निवड जूनमध्ये सहाव्या क्रमांकावर पडली आणि तिच्यावर वेबर स्टेटचा डेमियन लिलार्ड आला. तसंच 1989 मध्ये बोवी आणि एक निवड देऊन पोर्टलंडने न्यू जर्सीकडूनच बक विल्यम्स आणला, आणि त्याच्यासह 1990 आणि 1992 च्या अंतिम फेऱ्या गाठल्या. फसलेल्या निवडीनंतर संघ काय करतो यावर त्याची पारख होते, आणि या बाबतीत पोर्टलंडचं दप्तर चाहते समजतात त्यापेक्षा चांगलं आहे.

तेव्हा यापुढे संघाला जाब विचारायचा असेल तर हे बघा. जखमी खेळाडू परतला की पहिले दोन आठवडे त्याची मिनिटं हळूहळू वाढतात की थेट पस्तीसवर जातात? पाठोपाठच्या रात्रींच्या दोन सामन्यांत त्याला एका रात्री विश्रांती देतात का? परतण्याची तारीख कोण जाहीर करतं, डॉक्टरांच्या हवाल्याने व्यवस्थापन, की पत्रकार परिषदेत अधीर झालेला खेळाडू? परतल्यानंतर तोच खेळाडू त्याच पायाच्या कारणाने पुन्हा बाहेर गेला तर त्या घटनेचा हिशेब मागा, जोरात मागा. हेंडरसनच्या बाबतीत मी हेच बघणार आहे: तो परतल्यावर शेवटच्या पर्वात, थकलेला असताना, किती वेळा पूर्ण वेगाने परत धावायला लावतात ते.